रुग्णाची मुखत्यारी

(उरण तालुक्यातील मोरा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही माला गुंफली जाते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून तुम्हां मोरेकरांचा मोठा आहे; मी केवळ त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून आजच्या विषयाकडे वळतो. कर्करोग कशाने होतो आणि तो कसा टाळावा, याविषयी तुम्ही अनेकांकडून अनेकदा ऐकले आहे. शस्त्रक्रिया कशी करावी, हे सांगण्याची जागा वेगळी आहे. परंतु शस्त्रक्रिया पार पडल्यानंतर, टाके निघाल्यानंतर आणि रुग्णालयाच्या दप्तरी ‘घरी सोडले’ अशी नोंद झाल्यानंतर जो दीर्घ काळ सुरू होतो, त्या काळात रुग्णाने स्वतः काय करावयाचे, आणि ते त्याला करता यावे म्हणून इतरांनी त्याच्या हाती काय द्यावयाचे, याचा विचार आपल्या समाजात फारसा होत नाही. तो आज आपण करू.

या प्रश्नाला मोऱ्यात विशेष अर्थ आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्यावर उतरून परळ गाठण्याची वाट येथील अनेक कुटुंबांच्या पायाखालची झाली. बंदरातील गाळामुळे ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते, आणि परळची वेळ पहाटेची असो वा दुपारची, रुग्णाला आपले वेळापत्रक भरतीकडूनच मंजूर करून घ्यावे लागते, हे मी तुम्हांला सांगावयास नको. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे आली आणि त्याच महिन्यात शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला; खारघरला टाटा स्मारक केंद्राचेच उपचार व संशोधन केंद्र असल्याने बेलापूरवरून तेथे जाणेही आता पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. रस्ते जवळ आले, त्याचबरोबर रुग्णालयातील मुक्कामही पूर्वीपेक्षा आखूड झाला. याचा अर्थ असा की, ज्या शुश्रूषेचे पहिले पंधरा दिवस एके काळी रुग्णालयाच्या दालनात जात, ती शुश्रूषा आज मोरा कोळीवाड्यातील, करंज्यातील, नागावातील घरांत होते, जेथे ना परिचारिका आहे ना शस्त्रवैद्य. तेथे आहे तो रुग्ण आणि त्याची माणसे.

म्हणून माझे म्हणणे आरंभीच स्वच्छ शब्दांत मांडतो. शस्त्रक्रिया शस्त्रवैद्य करतो, परंतु बरे होण्याचे काम रुग्णालाच करावे लागते. आणि ज्याच्यावर काम सोपवावयाचे त्याला त्या कामाची माहिती, त्याची साधने आणि निर्णयाचा अधिकार दिला नाही, तर ते काम तडीस जात नाही. आपण मात्र बहुधा याच्या उलट वागतो. ज्या दिवशी कर्करोगाचे निदान होते त्या दिवसापासून घरातील कर्ता पुरुष, थोरला मुलगा किंवा जावई हा रुग्णाचा मुखत्यार बनतो. कागद तो वाचतो, डॉक्टरांशी तो बोलतो, सही तो करतो, आणि ज्याच्या देहाचा हा सगळा व्यवहार चालला आहे तो मनुष्य दालनाबाहेरच्या बाकावर बसून राहतो. ही मुखत्यारी प्रेमापोटी घेतलेली असते, यात मला तिळमात्र शंका नाही; तरीही ती रुग्णाला परत केली पाहिजे.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा नववा अध्याय पाहावा. तेथे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण सांगितले असून त्यांत रोग्याचे गुण म्हणून स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांची गणना केली आहे. स्मरण ठेवणे, सांगितलेले पाळणे, निर्भय असणे आणि आपल्या व्याधीची हकीकत वैद्याला सांगता येणे, हे ते चार गुण होत. चरकाने या चौघांत वैद्यालाच प्रधान मानले आहे, हे मी लपवीत नाही. तरीपण रोग्याला त्याने चिकित्सेचा विषय म्हणून बाजूला बसविलेले नाही. चिकित्सा ज्या चार पायांवर उभी राहते त्यांतील एक पाय म्हणून त्याची नेमणूक केली आहे, आणि त्याच्याकडून गुणांची अपेक्षा धरली आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षिले जात नाही, त्याला सहभागी म्हणता येत नाही. या चार गुणांच्या अनुरोधाने आजचा विषय मांडतो. मात्र क्रम माझा आहे.

प्रथम ज्ञापकत्व. आपण समजतो की, डॉक्टरांनी सांगावे आणि रुग्णाने ऐकावे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी एक अत्यंत महत्त्वाची माहिती अशी असते की, ती जगातील कोणत्याही यंत्राने मिळत नाही आणि केवळ रुग्णच ती देऊ शकतो. ती म्हणजे, तो मनुष्य काय करून जगतो. समजा, एखाद्या तांडेलाच्या स्वरयंत्राला कर्करोग झाला आणि ते पूर्ण काढावे लागणार आहे. या शस्त्रक्रियेनंतर मानेच्या पुढील भागी कायमचे छिद्र राहते आणि श्वासोच्छ्वास त्याच छिद्रातून चालतो. ते पाण्याखाली गेले तर पाणी थेट फुप्फुसांत शिरते. शहरातील कारकुनाला ही गोष्ट केवळ पोहण्यापुरती मर्यादित आहे; दर्यावर जाणाऱ्या माणसाला ती उपजीविकेचा आणि प्राणाचा प्रश्न आहे. आवाज परत मिळविण्याच्या वाटा आहेत. सिंगर आणि ब्लॉम या दोघा अमेरिकनांनी १९८० साली श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसवावयाच्या लहानशा झडपेची पद्धत प्रसिद्ध केली, आणि अलीकडे बंगळूरचे शस्त्रवैद्य डॉ. विशाल राव यांनी तशी झडप सुमारे पन्नास रुपयांत तयार करून दाखविली आहे. परंतु होडीवर पुन्हा जावे की किनाऱ्यावरचे काम पाहावे, किरणोपचाराने स्वरयंत्र वाचविण्याची शक्यता असेल तर तिच्यातील जोखीम पत्करावी की नाही, हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारले गेले पाहिजेत. आणि ‘मी दर्यावर जातो’ हे तीन शब्द रुग्णाने उच्चारले नाहीत, तर ते विचारले जाण्याचा संभव फार थोडा.

हीच गोष्ट मासळी विकणाऱ्या स्त्रीची. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या तर त्या बाजूच्या हाताला पुढे कधीही सूज येण्याचा धोका राहतो, आणि जखमेतून जंतू शिरले तर तो वाढतो. जिचा हात दिवसभर कोयतीच्या धारेशी आणि मासळीच्या काट्यांशी आहे, तिला ‘हाताला इजा होऊ देऊ नका’ एवढे छापील वाक्य पुरत नाही. हातमोजा कोणता घालावा, काटा टोचल्यास ताबडतोब काय करावे, हात लाल होऊन तापला तर किती वेळ वाट पाहावी की मुळीच पाहू नये, हे तिच्या कामाच्या भाषेत तिला समजले पाहिजे. आणि त्यासाठी तिने आपल्या कामाची कैफियत डॉक्टरांपुढे मांडली पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतरही हे ज्ञापकत्व संपत नाही. वेदना, ताप, गिळताना लागणारा ठसका, मलासाठी पोटावर लावलेल्या पिशवीभोवतीच्या कातडीची आग, झोप न येणे या गोष्टी ‘पुढच्या खेपेला सांगू’ म्हणून आपण साठवून ठेवतो. ‘डॉक्टरांचा वेळ कशाला घ्या’ ही आपली सभ्यता अनेकदा आपल्यालाच बाधते. न्यूयॉर्कच्या स्मारक रुग्णालयात डॉ. ईथन बाश आणि त्यांचे सहकारी यांनी शरीरात पसरलेल्या कर्करोगासाठी औषधोपचार घेणाऱ्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील काहींनी आपली लक्षणे ठरावीक काळाने स्वतः नोंदवून कळविली आणि गंभीर लक्षण दिसताच परिचारिकेला सूचना गेली. उरलेल्यांची देखभाल नेहमीच्या पद्धतीने झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार स्वतः लक्षणे कळविणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने, तर इतरांचे २६ महिने भरले. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, हे ध्यानात ठेवूनही मी हा दाखला देतो. कारण रुग्णाने वेळेवर सांगणे आणि कोणीतरी ते वेळेवर ऐकणे यांत केवढे सामर्थ्य आहे, हे त्यातून दिसते.

दुसरा गुण निर्देशकारित्व, म्हणजे सांगितलेले करणे. ऐकताना हा गुण आज्ञाधारकपणाचा वाटतो. परंतु शस्त्रक्रियेनंतर जे करावयाचे असते ते कोणाच्या हुकमाने साधत नाही, कारण त्यातील बरेचसे वेदना सोसून, कंटाळा जिंकून, कोणी पाहत नसताना करावयाचे असते. आपल्याकडे ‘ऑपरेशन झाले आहे, हलू नको’ हा मायेचा पहिला उद्गार आहे. डेन्मार्कचे शस्त्रवैद्य हेन्रिक केलेट यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हीच समजूत तपासून पाहिली. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना नीट आवरल्या, रुग्णाला लवकर खाऊ दिले, त्याच दिवशी उठवून बसविले व चालविले, आणि हे सर्व त्याला आधीच समजावून सांगितले, तर त्याचा रुग्णालयातील मुक्काम आठवड्याहून अधिक काळाऐवजी दोन-तीन दिवसांवर येतो, असे त्यांना आढळले. या पद्धतीत रुग्णाला काय होणार, कोणत्या दिवशी किती पावले चालावयाची, फुप्फुसांच्या व्यायामासाठी असलेल्या तीन गोळ्यांच्या लहान यंत्रात श्वास कसा ओढावयाचा, हे शस्त्रक्रियेपूर्वी शिकविणे हा उपचाराचाच भाग आहे. तंबाखू ओढणाऱ्याने शस्त्रक्रियेच्या सुमारे चार आठवडे आधी ती सोडली तरी गुंतागुंत कमी होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. म्हणजे रुग्णाचे काम शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच सुरू होते.

महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी सुमारे एक-चतुर्थांश लोक धूरविरहित तंबाखू वापरतात असे दिसले. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही जबड्याच्या आणि गालाच्या शस्त्रक्रिया कमी झालेल्या नाहीत. या रुग्णांपुढे येणारी मोठी अडचण म्हणजे तोंड न उघडणे. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावावीत, इतके निरोगी माणसाचे तोंड साधारणपणे उघडते. शस्त्रक्रियेनंतर, आणि विशेषतः किरणोपचारानंतर, स्नायू आखडून ते एका बोटापुरते राहते. मग भाकरी सुटते, दात घासणे सुटते आणि बोलणे अस्पष्ट होते. यावर उपाय म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञ आईस्क्रीमच्या काड्यांसारख्या चपट्या लाकडी काड्या दाढांमध्ये एकीवर एक सरकवून तोंड ताणावयास शिकवितात, आणि थोड्या थोड्या दिवसांनी एक काडी वाढवावयास सांगतात. साधन काही पैशांचे आहे. परंतु ते दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने, डोळ्यांत पाणी येईतो वापरावे लागते. हे काम रुग्णाऐवजी दुसरा कोणीही करू शकत नाही. मानेतील गाठी काढल्यावर खांदा ढळतो, त्याचे व्यायाम; स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेण्याचा व्यायाम; पोटावरची पिशवी स्वतः बदलण्याचा अभ्यास, हे सारे याच जातीचे काम आहे.

सांगितलेले करावे, याबरोबर सांगणाऱ्याने जुनी समजूत तपासावी, हेही ओघानेच येते. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने त्या हाताने ओझे उचलूच नये, असे दीर्घ काळ सांगितले जाई. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी काहींना क्रमाक्रमाने, देखरेखीखाली वजने उचलावयास शिकविले गेले. त्यांची सूज वाढली नाही, उलट ताकद वाढली आणि लक्षणे सौम्य झाली. याचा अर्थ पहिल्याच महिन्यात मासळीची भरलेली पाटी डोक्यावर घ्यावी असा नव्हे. परंतु जिची रोजची भाकरी त्या पाटीत आहे, तिला ‘आयुष्यभर उचलू नका’ असे सांगून मोकळे होणे आता योग्य ठरत नाही. तिच्याबरोबर बसून, हळूहळू वजन वाढविण्याचा क्रम आखून दिला पाहिजे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व औषधोपचार पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांवर अनेक देशांत झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर असे दिसले की, तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के आठ वर्षांनंतर हयात होते, केवळ आरोग्याची पुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. पुस्तिका दोघांनाही मिळाली होती. फरक पडला तो व्यायामाने आणि बरोबर चालणाऱ्या मार्गदर्शकाने.

तिसरा गुण स्मृती. कर्करोगाचा रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, एका इमारतीतून दुसरीत, परळहून खारघरला आणि तेथून गावच्या डॉक्टरकडे जातो; या साऱ्या प्रवासात त्याच्या आजाराचा अखंड इतिहास ज्याच्यापाशी राहू शकतो असा मनुष्य एकच, तो स्वतः. छातीची किंवा मानेची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्ण नळी आणि डबी घेऊन घरी येतो, आणि डबीत रोज किती द्रव जमला यावर नळी केव्हा काढावयाची ते ठरते. हा रोजनामा रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने नियमाने लिहिला, तर तो शस्त्रवैद्याच्या निर्णयाचा आधार होतो. लिहिला नाही, तर निर्णय अंदाजाने करावा लागतो. ज्याला लिहिता येत नाही त्याने नातवंडाकडून लिहवून घ्यावे, परंतु काय लिहिले ते त्याला ठाऊक असावे. आपल्या कागदांवर त्याचा कायदेशीर हक्कही आहे: भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्याला वैद्यकीय नोंदींच्या प्रती द्यावयाच्या असतात. ही मागणी करणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे, अशी भीड कोणी बाळगू नये.

आता चौथा गुण, अभीरुत्व, जो मला चौघांत सर्वांत अवघड वाटतो. कारण निर्भयता आज्ञेने येत नाही, आणि अज्ञानातून तर ती कधीच येत नाही. आपल्या घरांत रुग्णाला रोगाचे नाव सांगत नाहीत. ‘गाठ होती, काढली’ एवढ्यावर भागवितात, आणि डॉक्टरांनाही तसेच बोलावयाची गळ घालतात. माझ्या व्यवसायात मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, त्यामागील कळवळ्याविषयी माझ्या मनात अनादर उरलेला नाही. परंतु त्याचा परिणामही मी पाहिला आहे. रुग्णाला बहुधा सर्व कळलेले असते. कळले आहे हे न दाखविण्याचा भार तेवढा त्याच्यावर वाढतो, आणि घरातल्या घरात तो एकटा पडतो. ज्याला आपल्या रोगाचे नाव ठाऊक नाही, त्याने काड्यांचा व्यायाम महिनोन्‌महिने का करावा? दर तीन महिन्यांनी भरती पाहून परळला का जावे?

कायद्यानेही या बाबतीत आपली दिशा दाखविली आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. तपासणीसाठी गुंगी दिलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. जीविताला तातडीचा धोका नसताना अशी दुसऱ्याची संमती ग्राह्य नाही, रुग्ण शुद्धीवर येण्याची वाट पाहून तिलाच विचारावयास हवे होते, असे न्यायालयाने ठरविले. आईच्या मायेपेक्षा मोठी माया कोणाची असणार? तरीही देहाचा निर्णय ज्याचा देह आहे त्याचाच, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले.

भीती घालविण्याचा एक मार्ग डॉक्टरांच्या हाती नाही. तो त्याच वाटेने गेलेल्या माणसाच्या हाती आहे. अमेरिकेत तेरेस लॅसर या बाईंचा स्तन शस्त्रक्रियेने काढला गेला, आणि पुढे हाताने काय करावे, कपडे कसे बसवावे, याविषयी त्यांना कोणी नीट सांगितले नाही. १९५२ पासून त्या स्वतःच इतर स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागल्या, व्यायाम दाखवू लागल्या. अनेक डॉक्टरांना ते प्रथम रुचले नाही, पण १९६९ साली तेथील कर्करोग संस्थेने ते कार्य आपल्या अंगावर घेतले. महाराष्ट्रात शरद पवारांसारख्या नेत्याने आपल्या तोंडाच्या कर्करोगाविषयी आणि २००४ सालच्या शस्त्रक्रियेविषयी जाहीरपणे बोलणे, हेही माझ्या मते लोकशिक्षणाचे मोठे काम झाले. टाटा स्मारक केंद्राने अलीकडे रुग्णांना वाट दाखविणारे प्रशिक्षित कार्यकर्ते तयार करण्याचा जो उपक्रम सुरू केला आहे, त्याला रामायणातील नावाड्यावरून ‘केवट’ असे नाव दिले आहे. नावाड्यांच्या या गावाने त्याचे महत्त्व ओळखावे.

येथे एक इशारा देणे मी आपले कर्तव्य समजतो. रुग्णाच्या सहभागाचा एवढा पुरस्कार केल्यावर, रोग उलटला तर ‘त्यानेच व्यायाम केला नाही, मन खंबीर ठेवले नाही’ असे म्हणावयास लोक मोकळे होतात. हे अन्यायाचे आहे. उत्तम शस्त्रक्रिया, उत्तम शुश्रूषा आणि उत्तम मनोबल असूनही कर्करोग परततो, कारण तो पेशींच्या स्वभावावर अवलंबून असतो. मुखत्यारी म्हणजे अधिकार आणि त्या अधिकाराला साजेशी मदत; ती दोषारोपाची सनद नव्हे. ज्याचा रोजगार बुडाला आहे, ज्याला परळच्या दर खेपेचा खर्च कर्जाने भागवावा लागतो, त्याच्याकडून नियमितपणाची अपेक्षा करण्याआधी त्या खर्चाची तजवीज आपण केली आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

मग करावयाचे काय? डॉक्टरांना माझी विनंती अशी की, रुग्णाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत पाहून त्याच्याशी बोलावे, त्याचा धंदा विचारावा, आणि घरी पाठविताना दिला जाणारा कागद त्याला कळेल अशा मराठीत द्यावा. कुटुंबांना विनंती अशी की, तपासणीच्या खोलीत रुग्णाला बरोबर घ्यावे आणि पहिला प्रश्न त्याला विचारू द्यावा. सुश्रुताने व्रणिताच्या, म्हणजे जखम झालेल्या रुग्णाच्या, शुश्रूषेवर स्वतंत्र अध्याय लिहून त्याच्या निवासाचा, आहाराचा आणि त्याच्याजवळ बसून गोड बोलणाऱ्या सुहृदांचा विचार केला आहे. ते सुहृदाचे काम आपले आहे.

आणि या व्याख्यानमालेच्या चालकांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. उरण तालुक्यातील गावोगाव कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन कामाला लागलेली माणसे आहेत; त्यांतील जी राजी असतील त्यांना या सभागृहात महिन्यातून एकदा बोलवावे, आणि ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे किंवा नुकतीच झाली आहे त्यांची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. काड्या कशा धरावयाच्या, पिशवी कशी लावावयाची, हात भिंतीवर किती चढवावयाचा, हे तेथे एकाने दुसऱ्याला दाखवावे. जमल्यास भौतिकोपचारतज्ज्ञाला पाचारण करावे. आणि परळच्या खेपेला सोबत जाणाऱ्यांची एक यादी ठेवावी. यासाठी इमारत नको, मोठा निधी नको. हवी आहे ती एवढी कबुली की, ज्याच्या देहावर शस्त्र चालले आहे तो आपल्या दयेचा विषय नसून या कामातील आपला भागीदार आहे. ती कबुली ज्या दिवशी हे गाव देईल, त्या दिवशी या मालेने ज्यांचे स्मरण राखले आहे त्यांच्या स्मृतीला व्याख्यानाहून मोठी आदरांजली वाहिली जाईल.